सॉफ्टवेअर रेड उभारताना डिस्कांत आधी शून्ये भरावीत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या कार्यालयासाठी लिनक्सवर एमडीअ‍ॅडम (सॉफ्टवेअर रेड तयार करणारी आज्ञा) वापरून, प्रत्येकी ४ टीबीच्या चार डिस्कांचे रेड-५ (एक डिस्क बिघडली तरी माहिती वाचवणारी, डिस्क एकत्र जोडण्याची रचना) उभे करायचे आहे. त्यांतल्या दोन डिस्क कोऱ्या आहेत आणि दोन जुन्या नॅसमधून (नेटवर्कवरील साठवण-पेटीतून) काढलेल्या आहेत. चारही डिस्क आधी शून्यांनी भरून घेतल्या आणि मग 'अ‍ॅश्यूम-क्लीन' हा पर्याय ('सगळे आधीच जुळलेले आहे असे धर') देऊन अ‍ॅरे (एकत्र जोडलेल्या डिस्कांचा संच) तयार केला, तर सुरुवातीचे तासन्‌तास चालणारे सिंक (डिस्कांतील मजकूर एकमेकांशी जुळवून घेणे) टळते, असे तुम्हाला कोणीतरी सांगितले आहे. हे खरे आहे का आणि असे करावे का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

ते खरे आहे. पण ज्या कारणासाठी सांगितले गेले, त्या कारणासाठी करू नये. फिरत्या डिस्कांवर शून्ये भरून वेळ मुळीच वाचत नाही, उलट वाढतो. तुमच्याकडे दोन वापरलेल्या डिस्क आहेत, म्हणून शून्ये भरण्याचे दुसरे आणि जास्त सबळ कारण तुमच्याजवळ आहे, आणि त्या कारणासाठी मी ती अवश्य भरीन. (आज्ञांची आणि पर्यायांची नावे येथे नागरीत लिहितो आहे, टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच द्यावीत.)

आधी सिंक कशासाठी असते ते पाहू. रेड-५ चा सगळा भरवसा एकाच नियमावर उभा आहे: एका स्ट्राइपमधील (सर्व डिस्कांवर मिळून पसरलेल्या एका पट्टीतील) सर्व डेटा-तुकड्यांचा एक्सॉर (१ ची संख्या विषम तर १, सम तर ०) केला की त्या स्ट्राइपची पॅरिटी (हरवलेला तुकडा परत काढण्यासाठी ठेवलेला जादा तुकडा) आली पाहिजे. डिस्कांवर आधी काय पडलेले आहे याची कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) काहीच कल्पना नसते; म्हणून अ‍ॅरे तयार होताच तो नियम सगळीकडे एकदा लागू करून घेणे, हे सुरुवातीच्या सिंकचे काम. सगळीकडे शून्येच असतील तर नियम आपोआप पाळलेला असतो, कारण कितीही शून्यांचा एक्सॉर शून्यच येतो. रेड-६ मधली दुसरी पॅरिटी प्रत्येक तुकड्याला वेगवेगळ्या गुणकाने गुणून काढतात, पण शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच मिळते, त्यामुळे तेथेही हिशेब जुळतो. रेड-१ आणि रेड-१० मध्ये तर प्रती एकसारख्या असल्या की झाले. मात्र यावरून 'सगळीकडे एकच आकडा असला म्हणजे पुरे' असा अर्थ काढू नये. सर्व बिट १ असतील, तर तीन डेटा-तुकड्यांची पॅरिटी १ येते आणि चारांची ०. म्हणजे चार डिस्कांच्या रेड-५ मध्ये हिशेब जुळेल आणि पाच डिस्कांच्या रेड-५ मध्ये फसेल. शून्याला ही अडचण नाही. एमडीअ‍ॅडमच्या मॅन-पानातही (अधिकृत मदत-पानात) ही सवलत नोंदलेली आहे: डिस्क शून्यांनी भरलेल्या आहेत हे यंत्र चालवणाऱ्याला ठाऊक असेल, तर ते एमडीअ‍ॅडमला सांगण्यासाठी 'अ‍ॅश्यूम-क्लीन' वापरता येतो.

आता वेळेचा हिशेब. ४ टीबी म्हणजे ४ लाख कोटी बाइट. फिरत्या डिस्कचा वेग बाहेरच्या कडेला जास्त असतो आणि आत सरकत जाल तसा तो जवळपास निम्म्यावर येतो. सरासरी सेकंदाला १५० एमबी धरली, तर एक डिस्क भरायला सुमारे २६,७०० सेकंद, म्हणजे साडेसात तासांना थोडा कमी वेळ लागतो. चारही डिस्क स्वतंत्र साटा पोर्टांवर असतील तर चारही एकाच वेळी भरता येतात, म्हणजे एकूण साडेसात तास धरा. एमडीअ‍ॅडमला नुसते 'तयार कर' म्हटले, तर तो रेड-५ साठी काय करतो? पहिल्या तीन डिस्क चालू धरतो, चौथीला स्पेअर मानतो, आणि तीन डिस्क सलग वाचत चौथीवर पॅरिटी व डेटा बांधत जातो. सर्व डिस्क वाचून ताडून पाहण्यापेक्षा हा मार्ग सहसा वेगाने होतो. त्यालाही साधारण तेवढेच तास लागतात, कारण चौथी डिस्क एकदा पूर्ण लिहायची असतेच. फरक एवढाच की सिंक चालू असताना अ‍ॅरे वापरता येतो. फाइल-सिस्टिम बनवावी, माहिती उतरवायला सुरुवात करावी. मागे काम चालू राहते. शून्ये भरत असताना मात्र तुमच्या हाती काहीच नसते.

नवख्यांची येथे एक हमखास गफलत होते. अ‍ॅरे नुकताच तयार केला आणि एमडीस्टॅट (रेडची स्थिती दाखवणारी फाइल) उघडून पाहिले, तर चार 'यू' (प्रत्येक चालू डिस्कसाठी एक) दिसण्याऐवजी तीन 'यू' आणि एक अधोरेषा दिसते, वर 'रिकव्हरी' असा शब्द असतो. डिस्क आल्या आल्या बिघडली असे समजून लोक केबली हलवू लागतात. ती अधोरेषा म्हणजे वर सांगितलेली चौथी डिस्क. तिचे बांधकाम संपले की चौथा 'यू' येतो.

आपल्याकडे वीज जाण्याचाही विचार करावा लागतो. सिंक कुठवर आले याची नोंद एमडी (कर्नलमधला रेड सांभाळणारा भाग) सुपरब्लॉकमध्ये (डिस्कवरच्या रेडच्या ओळख-नोंदीत) मधूनमधून करून ठेवतो, आणि यंत्र नीट बंद झाले तर पुढच्या वेळी साधारण तेथूनच पुढे जातो. शून्ये भरणाऱ्या डीडी या आज्ञेला अशी आठवण नसते. पाच तासांनी यूपीएसने मान टाकली, तर एक तर पहिल्यापासून सुरू करा, नाही तर शेवटचा आकडा लिहून ठेवलेला असेल तर 'सीक' देऊन तेथून पुढे चला. एसएसएचवरून (दुसऱ्या यंत्रावरून जोडून) काम करत असाल तर ते टीमक्सच्या (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या साधनाच्या) आत सुरू करावे. लॅपटॉप मिटल्यामुळे डीडी मेल्याचे मी मोजून ठेवले नाही, पण ते एकदाच झालेले नाही.

यापेक्षा गंभीर चूक म्हणजे शून्ये न भरता 'अ‍ॅश्यूम-क्लीन' देणे, आणि ती नेमकी का गंभीर आहे हे पाच डिस्कांच्या उदाहरणाने पाहू. समजा चार डेटा-तुकड्यांतील एकेक बिट १, ०, १, १ असा आहे. यांची पॅरिटी १ असायला हवी, पण डिस्कवर जुना कचरा असल्यामुळे तेथे ० पडलेला आहे. आता तुम्ही पहिल्या तुकड्यात १ च्या जागी ० लिहिता. एवढ्या छोट्या लेखनासाठी कर्नल बाकीचे तीन तुकडे वाचत बसत नाही. तो जुना तुकडा आणि जुनी पॅरिटी वाचतो, बिट बदलला म्हणून पॅरिटीही उलटी करतो, आणि ० ची १ करून लिहितो. पण ०, ०, १, १ यांची खरी पॅरिटी ० आहे. चूक जशीच्या तशी पुढे सरकली आणि कोणालाही काही कळले नाही, कारण वाचताना पॅरिटीकडे कोणी पाहतच नाही. सहा महिन्यांनी दुसरी डिस्क जाते. तिच्यावरचा ० परत काढायचा, तर उरलेल्या ०, १, १ आणि पॅरिटी १ यांचा एक्सॉर केला जातो, आणि उत्तर १ येते. रीबिल्ड (नव्या डिस्कवर माहिती परत बांधणे) 'यशस्वी' होतो, अ‍ॅरे निरोगी दिसतो, आणि फाइल मात्र खराब झालेली असते.

हे कागदावरचे उदाहरण नाही. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातील सहा डिस्कांचा रेड-५ माझ्याकडे आला. डिस्क बदलून झाली होती, रीबिल्ड पूर्ण झाला होता, आणि स्कॅन केलेल्या मोठमोठ्या फाइली सुरळीत उघडत होत्या. पण हिशेबाच्या छोट्या फाइली आणि काही डेटाबेसची पाने वाचता येत नव्हती. मोठे सलग लेखन पूर्ण स्ट्राइप व्यापते, तेव्हा पॅरिटी नव्याने, जुन्याकडे न पाहता काढली जाते, म्हणून मोठ्या फाइली बचावल्या होत्या. छोटी लेखने जुन्या पॅरिटीवर विसंबून झाली होती, म्हणून ती गेली. आधीच्या माणसाने वेळ वाचवण्यासाठी 'अ‍ॅश्यूम-क्लीन' दिला होता, हे त्याच्याच टिपणवहीत अगदी स्वच्छ अक्षरात लिहिलेले सापडले.

तुमच्या चार डिस्कांच्या अ‍ॅरेत असे होण्याचा धोका कमी आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेथे जुन्या पॅरिटीवरून नवी काढणे आणि उरलेल्या तुकड्यांवरून ती नव्याने काढणे या दोन्ही मार्गांना सारखीच वाचने लागतात आणि अशा वेळी कर्नल पूर्वनिर्धारित सेटिंगमध्ये उरलेले डेटा-तुकडे वाचून पॅरिटी नव्याने काढतो, त्यामुळे लिहिली गेलेली स्ट्राइप आपोआप दुरुस्त होते. पण कर्नलच्या आतल्या निवडीवर माहितीची सुरक्षितता टांगून ठेवू नये. रेड-६ बाबत 'तेथे पॅरिटी नेहमी नव्यानेच काढली जाते, म्हणून चालते' असा सल्ला बरीच वर्षे फिरत होता आणि तो त्या काळी बरोबरही होता. २०१५ मध्ये आलेल्या ४.१ या कर्नलपासून रेड-६ लाही जुन्या पॅरिटीवरून नवी काढण्याचा मार्ग मिळाला आणि तो सल्ला एका रात्रीत शिळा झाला.

रेड-१ मध्ये शून्ये न भरता 'अ‍ॅश्यूम-क्लीन' दिला तरी सहसा माहिती जात नाही, कारण जे लिहाल ते दोन्ही डिस्कांवर लिहिले जाते आणि न लिहिलेले कोणी वाचत नाही. तरी मी तो देत नाही. पुढे जेव्हा 'चेक' (पॅरिटी किंवा प्रती जुळतात का याची तपासणी) चालेल (डेबियनमध्ये तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप चालतो), तेव्हा न लिहिलेल्या जागांतील फरक मोजले जातील, विसंगतीचा आकडा लाखांत येईल, आणि ज्या दिवशी खरी विसंगती उद्भवेल त्या दिवशी ती त्या गोंगाटात दिसणार नाही.

तर मग शून्ये भरायची ती डिस्क साफ करण्यासाठी आणि तपासण्यासाठी. तुमच्या दोन जुन्या डिस्कांपासून सुरुवात करतो. नॅसमधून काढलेली डिस्क लावून यंत्र सुरू केले की बहुधा त्यावरचा जुना अ‍ॅरे आपणहून जुळू लागतो आणि एमडी१२७ अशा नावाने हजर होतो. मग सुपरब्लॉक पुसायला गेलात की डिस्क लेखनासाठी उघडता आली नाही, असे एमडीअ‍ॅडम सांगतो. तेथे जबरदस्तीचे पर्याय शोधू नयेत. आधी एमडीस्टॅट पाहून तो जुना अ‍ॅरे थांबवावा, त्यावर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी व्यवस्था) असेल तर ते निष्क्रिय करावे, आणि मग पुसावे.

पुसताना 'सुरुवातीचे शंभर एमबी शून्य केले की झाले' हा समज सोडून द्यावा. एमडीचा १.२ सुपरब्लॉक डिस्कच्या सुरुवातीपासून ४ केबीवर असतो, पण जुना ०.९० आणि १.० हे दोन्ही डिस्कच्या शेवटाकडे असतात. जीपीटीची (विभाग-तक्त्याची) दुसरी प्रत अगदी शेवटी असते. झेडएफएस या फाइल-सिस्टिमची चार लेबले असतात, दोन पुढे आणि दोन मागे. इंटेलच्या मदरबोर्डवरील रेडची नोंदही शेवटाकडेच सापडते. त्यामुळे पुढचा भाग पुसलेली डिस्क महिन्याभराने, एखाद्या रीबूटनंतर, भलतीच ओळख सांगू लागते. नुसती ओळख पुसायची असेल तर आधी विभागांवर आणि मग सबंध डिस्कवर 'वाइपएफएस' चालवणे पुरते आणि ते काही सेकंदांत होते. संपूर्ण शून्ये भरल्याने हेही होते, आणि शिवाय त्या नॅसवरची कोणाची जुनी कागदपत्रे असतील तीही जातात.

तपासणीसाठी मी डीडीपेक्षा बॅडब्लॉक्स पसंत करतो, कारण डीडी लिहितो पण वाचून पाहत नाही, आणि डिस्कही लिहिलेले सहसा परत वाचून पाहत नाही. लेखन बिनतक्रार पार पडले यावरून तेथून वाचता येईल हे सिद्ध होत नाही. बॅडब्लॉक्सची लेखन-चाचणी चार नमुने लिहिते आणि प्रत्येक लिहून झाला की तो परत वाचते. ते नमुने षोडशमान पद्धतीत एए, ५५, एफएफ आणि शेवटी ०० असे आहेत. म्हणजे चाचणी संपते तेव्हा डिस्क शून्यांनीच भरलेली असते. पण चार वेळा लिहिणे आणि चार वेळा वाचणे म्हणजे साडेसात तासांचे आठ फेरे, जवळपास अडीच दिवस. एवढा धीर नसेल तर फक्त शून्याचा एकच नमुना द्यावा. मग पंधरा तासांत आटोपते. ब्लॉकचा आकार ४०९६ द्यावा. १८ टीबी किंवा त्याहून मोठ्या डिस्कांवर तोही पुरत नाही, कारण ब्लॉकचा क्रमांक ३२ बिटांत मावावा लागतो आणि ४०९६ च्या हिशेबाने १६ टीआयबीवर (सुमारे १७.६ टीबीवर) मर्यादा येते. तेथे ८१९२ द्यावा.

हे सुरू करण्यापूर्वी प्रत्येक डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद) फाइलीत साठवून ठेवा. मी पाहतो ते आकडे तीन: ५ क्रमांकाचा, म्हणजे बदली दिलेले सेक्टर, १९७ क्रमांकाचा, म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर, आणि १९९, जो वाढला तर बहुधा केबल दोषी असते, डिस्क नव्हे. प्रलंबित सेक्टरवर नवे लेखन झाले की डिस्क त्याचा निकाल लावते: जागा चांगली निघाली तर तीच ठेवते, नाही तर बदली सेक्टर देते. म्हणून शून्ये भरल्यानंतर १९७ चा आकडा शून्यावर येतो आणि लोक समाधानाने डिस्क वापरात घेतात. त्या वेळी ५ चा आकडा आधी किती होता आणि आता किती आहे, हे पाहायचे असते. तो वाढला असेल तर ती डिस्क मी अ‍ॅरेत घेत नाही, मग ती दोन महिन्यांपूर्वीची का असेना. चाचणी चालू असताना तापमानही पाहत राहा. चार डिस्क एकमेकींना चिकटून अखंड लिहीत असतील, तर मे महिन्यातल्या दुपारी त्या सहज तापतात, आणि समोर साधा टेबलफॅन लावण्यात काही कमीपणा नाही.

एक खबरदारी मी दर वेळी, आजही, कागदावर घेतो. एसडीए, एसडीबी ही नावे रीबूटनंतर बदलू शकतात. म्हणून डिस्कवरच्या चिठ्ठीवरील अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि आज्ञेत 'डिस्क-बाय-आयडी' खालील, अनुक्रमांक असलेले लांब नाव द्यावे. ते टंकायला त्रास होतो, आणि तो त्रासच उपयोगी पडतो, कारण त्या निमित्ताने माणूस दोनदा वाचतो.

एसएसडी असत्या तर उत्तर वेगळे झाले असते. एसएसडीत डीडीने शून्ये भरणे म्हणजे तिच्या पेशी विनाकारण एकदा झिजवणे आणि सगळी जागा वापरात असल्याचे तिला सांगणे. तेथे ब्लॉकडिस्कार्ड (जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला कळवणारी आज्ञा; यालाच ट्रिम म्हणतात) वापरावे. मात्र डिस्कार्ड केलेली जागा वाचली की शून्येच मिळतील, असे प्रत्येक एसएसडी मानत नाही. एचडीपार्मच्या (डिस्कची माहिती देणाऱ्या आज्ञेच्या) अहवालात 'ट्रिमनंतर निश्चित शून्ये' या अर्थाची ओळ असेल तरी मी तेवढ्यावर 'अ‍ॅश्यूम-क्लीन' देणार नाही, आधी वाचून ताडून पाहीन. कर्नलचाही यावर विश्वास नाही: रेड-५ व रेड-६ च्या मॉड्यूलमध्ये डिस्कार्ड पुढे पाठवण्याची परवानगी मुळात बंद ठेवलेली आहे, ती यंत्र चालवणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर उघडायची असते. याहून सरळ मार्ग २०२४ मध्ये आलेल्या एमडीअ‍ॅडम ४.३ ने दिला आहे. त्यात अ‍ॅरे तयार करतानाच 'राइट-झीरोज' हा पर्याय देता येतो. तो सर्व डिस्कांना एकाच वेळी शून्ये लिहिण्याची विनंती पाठवतो, आणि ते यशस्वी झाले तर सिंक न करता अ‍ॅरे स्वच्छ मानतो. ज्या एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) हे काम स्वतःच्या आत करतात त्यांच्यावर ते काही मिनिटांत होते, आणि शून्ये भरून खरोखर वेळ वाचतो तो या एका ठिकाणी. तुमच्या फिरत्या डिस्कांवर हाच पर्याय दिला तर प्रत्यक्ष लेखनच होईल, आणि तितकेच तास लागतील.

तुमच्या जागी मी असतो तर असे केले असते. शुक्रवारी संध्याकाळी जुने अ‍ॅरे थांबवून, स्मार्ट अहवाल साठवून, चारही डिस्कांवर बॅडब्लॉक्सची शून्याच्या एका नमुन्याची चाचणी सुरू केली असती. नव्या डिस्कही सोडू नका. वाहतुकीत आदळलेली डिस्क पहिल्या दोन दिवसांतच बोलते. शनिवारी दुपारपर्यंत चाचणी संपते. त्यानंतर आणि अ‍ॅरे तयार करण्याआधी त्या डिस्कांवर विभाग-तक्त्याखेरीज काहीही लिहिले जाता कामा नये. मध्ये कोणी सहज म्हणून एका डिस्कवर फाइल-सिस्टिम बनवून पाहिली, तर शून्यांचा दाखला तिथेच रद्द झाला. एमडीअ‍ॅडम स्वतःचा सुपरब्लॉक आणि बिटमॅप (बदलत असलेल्या जागांची नोंद) डेटा-क्षेत्राच्या आधी लिहितो, त्यामुळे त्याने शून्यांना धक्का लागत नाही.

मग 'अ‍ॅश्यूम-क्लीन' देऊन अ‍ॅरे तयार करावा, आणि फाइल-सिस्टिम बनवण्यापूर्वीच 'सिंक-अ‍ॅक्शन' या फाइलीत 'चेक' लिहून एक पूर्ण फेरी करून घ्यावी. हो, म्हणजे वाचवलेले सिंक आपण दुसऱ्या दाराने परत आणले. पण नेहमीच्या पद्धतीत तीन डिस्क फक्त वाचल्या गेल्या असत्या आणि एक फक्त लिहिली गेली असती. येथे प्रत्येक सेक्टर एकदा लिहिला गेला आहे, दोनदा वाचला गेला आहे, आणि तुमची एकही फाइल त्यावर जाण्यापूर्वी हे झाले आहे. घाई असेल तर 'चेक' चालू असतानाच माहिती उतरवायला सुरुवात केली तरी चालते. कोणी अ‍ॅरे वापरत असेल तर एमडी वेग उतरवतो आणि रात्री मोकळीक मिळाली की पुन्हा वाढवतो.

रविवारी सकाळी 'मिसमॅच-काउंट' (विसंगतींचा आकडा असलेली फाइल) उघडा. तो बरोबर ० असला पाहिजे. थोडासाही जास्त असेल, तर त्याला 'दुरुस्त कर' सांगून पुढे जाऊ नका: शून्यांनी भरलेल्या डिस्कांत शून्याव्यतिरिक्त काही वाचले गेले, याचा अर्थ कोणीतरी मध्ये लिहिले आहे किंवा केबल, कंट्रोलर अथवा मेमरी यांपैकी काहीतरी खोटे बोलते आहे. मेमरीची चाचणी आधी करा, मग केबली बदला, आणि 'चेक' पुन्हा चालवा. आकडा ० असेल तर अ‍ॅरेची नोंद एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फिग फाइलीत घालून इनिटरॅमएफएस (यंत्र सुरू होताना आधी वाचली जाणारी फाइल) नव्याने बांधा, नाही तर पुढच्या रीबूटला तुमचा नवा अ‍ॅरेही एमडी१२७ या नावाने समोर येईल. पुढेमागे एखादी डिस्क बदलावी लागली, तर नवी डिस्क चाचणीसाठी जरूर भरा, पण अ‍ॅरेसाठी ती शून्य असण्याची गरज नाही. रीबिल्ड तिचे डेटा-क्षेत्र पूर्णच लिहून काढतो.